एनसीआयमध्ये मूलभूत कर्करोग संशोधनाचा पैसा कुणाकुणाच्या हातून जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातून पीएचडी, आता अमेरिकेत पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधन-नोकरीचं, तिसरं वर्ष, काम मेटास्टॅसिसच्या, म्हणजे कर्करोग शरीरात पसरण्याच्या, यंत्रणेवर. स्वतःची लॅब सुरू करायची आहे. ‘नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट (एनसीआय) मूलभूत संशोधनाला पैसे देते’ असं सगळे सांगतात, पण नेमकं कोण ठरवतं, अर्ज कुणाच्या टेबलावर जातो आणि चांगला गुण मिळूनही पैसे का येत नाहीत, हे कुणी सांगत नाही.

आधी घर समजून घ्या. अमेरिकी सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या, म्हणजे एनआयएचच्या, २७ संस्था-केंद्रांपैकी एनसीआय एक. १९३७ च्या कायद्याने ती जन्मली आणि १९७१ च्या नॅशनल कॅन्सर अ‍ॅक्टने तिला दोन खास सवलती मिळाल्या. तिचा संचालक थेट राष्ट्राध्यक्ष नेमतात, आणि आपल्याला किती पैसे लागतील याचा अंदाज ती एनआयएचला वळसा घालून थेट राष्ट्राध्यक्षांना देते. त्याला ‘बायपास बजेट’ म्हणतात. मागणी थेट गेली तरी पैसा काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, देईल तेवढाच मिळतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात तो सुमारे ७.२ अब्ज डॉलर होता.

या घरात संशोधनाचे दोन संसार आहेत. एक आतला: बेथेस्डा आणि फ्रेडरिकमधल्या एनसीआयच्या स्वतःच्या लॅब. तिथले शास्त्रज्ञ ग्रँट लिहीत नाहीत. किमान दर चार वर्षांनी बाहेरचे तज्ज्ञ येऊन झालेल्या कामाची झडती घेतात आणि त्यावर त्यांचं पुढचं बजेट ठरतं. दुसरा बाहेरचा: विद्यापीठं आणि रुग्णालयांना दिलेली ग्रँट. मूलभूत जीवशास्त्राची बाहेरची बाजू बघतो तो ‘डिव्हिजन ऑफ कॅन्सर बायोलॉजी’, म्हणजे डीसीबी. डीसीबीची स्वतःची एकही लॅब नाही. तिथे बसतात ते प्रोग्राम ऑफिसर, बहुतेक सगळे पीएचडी. कर्कपेशीचं जीवशास्त्र, रोगप्रतिकार आणि रक्ताचे कर्करोग, डीएनए व गुणसूत्रांतले बिघाड, रेण्वीय रचना, मेटास्टॅसिस, जैवभौतिकी आणि संगणकीय काम अशा विषयांत ते विभागलेले आहेत. पुनर्रचनेत शाखांची नावं बदलतात, त्यामुळे शाखेपेक्षा माणूस शोधा.

तुमचं काम डीसीबीचंच आहे का, हे आधी तपासा. कर्कपेशी रक्तवाहिनीतून बाहेर कशी पडते, हा डीसीबीचा प्रश्न. ती बाहेर पडू नये म्हणून रेणू बनवून त्याचा डोस ठरवायचा असेल, तर तो उपचार-निदान विभागाकडे, डीसीटीडीकडे जातो. रक्ताच्या थेंबात ती लवकर कशी पकडायची, हे प्रतिबंध विभागाचं. एकाच अर्जात तिन्ही ठासून भरले की अर्ज कुणाचाच राहत नाही. ‘रुग्णाला उपयोग’ दाखवायच्या नादात तिसरं उद्दिष्ट म्हणून औषधचाचणी चिकटवणं ही अगदी नेहमीची चूक आहे. समीक्षक नेमका त्याच उद्दिष्टावर तुटून पडतात, कारण त्याचा प्राथमिक डेटा नसतो.

आता हात मोजू. अर्जाचं भवितव्य तीन वेगळ्या हातांत असतं आणि त्या तिघांना मुद्दाम वेगळं ठेवलेलं आहे.

पहिला हात स्टडी सेक्शनचा, म्हणजे समीक्षकांच्या गटाचा. तुम्ही स्वतःच्या कल्पनेवर लिहिलेली आर०१ (बोलताना ‘आर-ओ-वन’), म्हणजे एनआयएचची मुख्य संशोधन-ग्रँट, एनसीआयमध्ये तपासली जात नाही. ती जाते एनआयएचच्याच ‘सेंटर फॉर सायंटिफिक रिव्ह्यू’कडे. तिथे ‘कॅन्सर सेल बायोलॉजी’ किंवा ‘ट्यूमर इव्होल्यूशन, हेटेरोजेनिटी अँड मेटास्टॅसिस’ अशा एखाद्या गटात विद्यापीठांतली वीसेक प्राध्यापक मंडळी असतात. तिघांना तुमचा अर्ज नेमून दिलेला असतो. बाकीच्यांनी तुमचं उद्दिष्टांचं एक पान वाचलेलं असतं आणि बाकी चाळलेलं. चर्चा दहा-वीस मिनिटं. खालच्या साधारण अर्ध्या अर्जांवर चर्चाच होत नाही, फक्त लेखी शेरे मिळतात.

जानेवारी २०२५ पासून निकषांची मांडणी बदलली. संशोधनाचं महत्त्व हा एक घटक, काटेकोरपणा व शक्यता हा दुसरा. दोन्हींना १ ते ९ गुण, १ सर्वोत्तम. तिसरा घटक, म्हणजे तुमचं कौशल्य आणि संस्थेच्या सोयी, याला आता गुण नाहीत. ‘पुरेसं आहे’ किंवा ‘अमुक कमी आहे’ एवढंच. मोठ्या नावाच्या विद्यापीठाचं वजन कमी व्हावं हा हेतू. शेवटी सगळे सदस्य एकूण परिणामाचा गुण देतात, सरासरीला दहाने गुणतात, म्हणजे १० ते ९०. मग त्याच गटाच्या अलीकडच्या तीन फेऱ्यांशी तुलना करून पर्सेंटाइल काढतात. आपल्याकडच्या परीक्षांची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं: इथे ५ पर्सेंटाइल म्हणजे पेढे वाटा, ९५ म्हणजे विषय संपला.

दुसरा हात प्रोग्रामचा, म्हणजे डीसीबीचा. प्रोग्राम ऑफिसर स्टडी सेक्शनच्या बैठकीत बसतो, पण अर्जाच्या गुणवत्तेवर तोंड उघडू शकत नाही. त्याचं काम आधी आणि नंतर. अर्जाआधी तो सांगतो की विषय कुठे बसतो. निकालानंतर शेऱ्यांमागचा सूर सांगतो. आणि मंजुरीच्या रेषेच्या जरा बाहेर राहिलेल्या अर्जांपैकी कुणासाठी आत रदबदली करायची हे ठरवतो. एनसीआयमध्ये वरिष्ठ अधिकारी बसून असे अपवाद निवडतात. त्यांच्यासमोर तुमचा अर्ज मांडणारा माणूस हाच. अंतिम मंजुरीआधी नॅशनल कॅन्सर अ‍ॅडव्हायझरी बोर्डाची दुसरी चाळणी असते, पण तिथे एकेका आर०१ची चिरफाड होत नाही.

तिसरा हात ग्रँट व्यवस्थापनाचा. प्राणी-समितीची मंजुरी आली का, तुमच्या वेळेचे टक्के शंभराच्या वर जात नाहीत ना, दुसऱ्या ग्रँटशी विषय जुळत नाही ना, हे ते बघतात. कायद्याने पैशाबद्दलचा शब्द फक्त यांचाच चालतो. प्रोग्राम ऑफिसरने ईमेलमध्ये ‘छान दिसतंय’ लिहिलं म्हणून पोस्टडॉकला ऑफर लेटर देऊ नका. नोटीस ऑफ अवॉर्ड, म्हणजे मंजुरीचं अधिकृत पत्र, हातात येईपर्यंत एक डॉलरही तुमचा नाही. आणि आला तरी तो तुमचा नसतो, विद्यापीठाचा असतो.

मग एजन्सी स्वतः दिशा देतच नाही का? देते, पण मूलभूत संशोधनात जपून, आणि त्याला इतिहास आहे. १९६४ मध्ये एनसीआयने विषाणू आणि ल्यूकेमिया यावर खास कार्यक्रम सुरू केला. पुढे तो ‘स्पेशल व्हायरस कॅन्सर प्रोग्राम’ झाला. पैसा ग्रँटऐवजी कंत्राटांनी वाटला जाई, ठरावीक मंडळींत फिरे, आणि १९७०च्या दशकात झिंडर समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. माणसातल्या बहुतेक कर्करोगांमागे विषाणू सापडेल ही अपेक्षा फोल ठरली. गंमत अशी, की कोंबडीत ट्यूमर करणाऱ्या विषाणूचा पिच्छा पुरवत बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये दाखवलं की विषाणूतला तो जीन मुळात निरोगी पेशीचाच आहे. आजचं ऑन्कोजीनचं, म्हणजे कर्करोग घडवणाऱ्या जीनचं, शास्त्र तिथून उभं राहिलं. दोघांना १९८९ चं नोबेल मिळालं आणि व्हार्मस पुढे एनआयएचचे व नंतर एनसीआयचेही प्रमुख झाले. हेतू ठरवून ओतलेल्या पैशाने हेतू साधला नाही, पण त्याच शेतात दुसरंच पीक आलं. म्हणून आजही मूलभूत कामाचा कणा शास्त्रज्ञाने स्वतः सुचवलेली आर०१ हाच आहे, आणि माझ्या मते तोच असावा.

जिथे एकट्या लॅबला झेपत नाही तिथे डीसीबी स्वतः जाहिरात काढते. कर्करोगाच्या सिस्टीम्स बायोलॉजीचं कन्सॉर्शियम, भौतिकशास्त्रज्ञांना ओढणारं फिजिकल सायन्सेस-ऑन्कॉलॉजी नेटवर्क, मेटास्टॅसिस रिसर्च नेटवर्क ही त्यातली नावं. यांतला बराच पैसा ‘यू’ अक्षराने सुरू होणाऱ्या करारांतून जातो: यू०१, यू५४. ‘आर’ आणि ‘यू’ यातला फरक किरकोळ नाही. ‘यू’मध्ये एनसीआयचा शास्त्रज्ञ प्रकल्पाच्या सुकाणू समितीत बसतो, डेटा ठरलेल्या साच्यात द्यावा लागतो, बैठका ठरलेल्या असतात. नव्या लॅबला त्यातून ओळखी मिळतात आणि वेळ जातो, दोन्ही.

केआरएएस या रास कुळातल्या ऑन्कोजीनचं उदाहरण यात बसवून पाहा. माणसातले रास ऑन्कोजीन १९८२ मध्ये सापडले. औषध बसेल अशी खाच त्या प्रथिनावर कुणाला दिसेना, म्हणून तीस वर्षं त्याला ‘औषध लागू न होणारं’ म्हणत. २०१३ मध्ये शोकाट यांच्या लॅबने जी१२सी या बदलाजवळची खाच दाखवली. त्याच वर्षी एनसीआयने फ्रेडरिक नॅशनल लॅबोरेटरीत रास इनिशिएटिव्ह सुरू केला. तिथे शुद्ध प्रथिनं, प्लास्मिड (पेशीत जीन पोचवणारे डीएनएचे तुकडे), चाचण्या तयार करून बाहेरच्या लॅबना दिल्या जातात. पहिलं औषध, सोटोरासिब, मे २०२१ मध्ये मंजूर झालं. कल्पना बाहेरच्या लॅबमधून आणि कंटाळवाणी, महागडी, पुन्हापुन्हा लागणारी सामग्री सरकारी प्रयोगशाळेतून, ही वाटणी एजन्सीला चांगली जमते. प्लास्मिड लागत असेल तर आधी तिथे विचारा. सहा महिने वाचतील.

पैसे न येण्याचं उत्तर बहुतेक वेळा पेलाइनमध्ये असतं. एनसीआय एक पर्सेंटाइल ठरवत असे. त्याच्या आतले अर्ज जवळपास आपोआप मंजूर. २०२३ ला तो १२ होता, २०२४ ला १०. नव्या संशोधकांना, म्हणजे शेवटच्या पदवीपासून दहा वर्षांच्या आत असलेल्या आणि एनआयएचची मोठी ग्रँट न मिळालेल्यांना, सवलत: २०२४ ला १७. २०२५ च्या उत्तरार्धात सर्वसाधारण रेषा थेट ४ वर आली. अर्ज वाईट झाले म्हणून नव्हे. बऱ्याच ग्रँटचे पुढच्या सगळ्या वर्षांचे पैसे एकाच वर्षात बाजूला काढा असा वरून आदेश होता, त्यामुळे तेवढ्याच रकमेत कमी ग्रँट बसल्या. पुढे २०२५ च्या अखेरीस एनआयएचने सगळ्या संस्थांना पेलाइनवर विसंबून राहू नका असं सांगितलं. म्हणजे दुसऱ्या हाताचं, प्रोग्रामचं, वजन वाढलं. तुमचं दहा वर्षांचं घड्याळ मात्र पुण्यातल्या पीएचडीच्या तारखेपासून सुरू झालेलं आहे, अमेरिकेत उतरल्यापासून नाही.

पोस्टडॉकला याहून जवळचं दार म्हणजे के९९/आर०० ही स्वतःच्या लॅबकडे नेणारी ग्रँट. पहिली दोन वर्षं मार्गदर्शकाकडे, पुढची तीन स्वतःच्या लॅबमध्ये. आर०० टप्प्यात वर्षाला एकूण २,४९,००० डॉलरपर्यंत, विद्यापीठाचा वरखर्च त्यातच. याला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागत नाही. एफ३२ फेलोशिपला आणि टी३२ प्रशिक्षण ग्रँटला लागतं. अट अशी की अर्ज करताना पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त नको, आणि यात भारतातला पोस्टडॉकही धरतात. पुन्हा दाखल करायचा अर्जही चार वर्षांच्या आतच हवा. तुमचं तिसरं वर्ष चालू आहे, म्हणजे पहिला प्रयत्न याच वर्षी केला तरच दुसऱ्याला जागा उरते.

आर०१च्या तारखा ठरलेल्या: नवे अर्ज ५ फेब्रुवारी, ५ जून, ५ ऑक्टोबर, दुसऱ्यांदा पाठवायचे अर्ज त्यानंतर एका महिन्याने. संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ ला खिडकी बंद. अर्ज तुम्ही नाही, विद्यापीठाचं कार्यालय पाठवतं, आणि त्यांची आतली मुदत चार-पाच कामाचे दिवस आधी असते. पाठवल्यावर दोन कामाचे दिवस अर्ज जसा दिसेल तसा बघायला मिळतो. त्यात आकृत्या उघडून पाहा. पीडीएफ करताना वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं दाखवणाऱ्या चाचणीच्या) पट्ट्या धूसर झालेल्या अनेकांना तेव्हाच कळतात. ५ फेब्रुवारीचा अर्ज जून-जुलैमध्ये तपासला जातो, पैसे लवकरात लवकर डिसेंबरच्या सुमाराला. १ ऑक्टोबरपर्यंत देशाचं बजेट मंजूर झालं नसेल तर एनसीआय हात आखडता घेते आणि तुमची ‘लवकरच’ वसंतापर्यंत लांबते.

प्रोग्राम ऑफिसरला लिहायचं ते मुदतीच्या सहा ते आठ आठवडे आधी. एनआयएच रिपोर्टर या ग्रँटच्या ऑनलाइन यादीतल्या मॅचमेकरमध्ये तुमचा सारांश चिकटवा. मिळतीजुळती ग्रँट, त्यांचे प्रोग्राम ऑफिसर आणि स्टडी सेक्शन तिन्ही समोर येतात. मग उद्दिष्टांचं एक पान जोडून तीन ओळींची ईमेल. विचारायचं हे: विषय तुमच्या शाखेत बसतो का, कोणता स्टडी सेक्शन योग्य, सध्या एखादी जाहिरात जुळते का. ‘मिळेल का?’ हे विचारू नका. उत्तर देता येत नाही आणि तुम्हाला नियम माहीत नाहीत एवढंच कळतं.

आता ते एक पान. ‘मेटास्टॅसिसमध्ये अमुक प्रथिनाची भूमिका तपासू’ हे वाक्य समीक्षकाला काहीच देत नाही. त्याऐवजी: ‘हे प्रथिन बंद केल्यावर उंदराच्या फुप्फुसात गाठी कमी होतात. पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडत नाहीत म्हणून, की बाहेर पडून वाढत नाहीत म्हणून? शेपटीच्या शिरेतून पेशी देऊन ४८ तासांनी आणि ४ आठवड्यांनी फुप्फुसातल्या पेशी मोजू. ४८ तासांना आकडे सारखे आणि ४ आठवड्यांना वेगळे आले, तर दुसरं कारण खरं.’ यात प्रश्न आहे, दोन शक्यता आहेत, आणि कोणता आकडा कोणती शक्यता मोडतो तेही आहे. दुसरं उद्दिष्ट पहिल्याच्या निकालावर टांगू नका. पहिलं पडलं तर उरलेली चार वर्षं काय करणार, हा शेरा हमखास येतो.

आर०१च्या संशोधन-योजनेला १२ पानं, आर२१ या छोट्या, चाचपणीच्या ग्रँटला ६. काटेकोरपणाचे दोन शेरे वर्षानुवर्षं दिसतात. एक: उंदीर एकाच लिंगाचे का, याचं कारण दिलेलं नाही. दुसरा: पेशींची ओळख तपासलेली नाही. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीरेषा वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती मेलॅनोमाची निघाली. एसटीआर प्रोफाइल (पेशींची डीएनए-ओळख) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची चाचणी किती दिवसांनी करता, हे वेगळ्या जोडपत्रात आकड्यांसह लिहा.

बजेटचं गणित मांडून दाखवतो, कारण नवी लॅब इथे फसते. मॉड्युलर आर०१ची मर्यादा वर्षाला २,५०,००० डॉलर, २५,०००च्या पटीत; ही मर्यादा १९९९ पासून हललेली नाही. समजा तुमचा मूळ पगार १,४०,००० आणि तुम्ही २५ टक्के वेळ दाखवली: ३५,०००, वर ३० टक्के भत्ते, म्हणजे ४५,५००. नव्या पोस्टडॉकला एनआयएचच्या २०२५ च्या दराने ६२,२३२, भत्त्यांसह सुमारे ८०,९००. एक पीएचडी विद्यार्थी फीसकट धरा ६०,०००. झाले १,८६,४००. शंभर पिंजरे उंदीर, पिंजऱ्याला दिवसाला सव्वा डॉलर: ४५,६२५. उरले साधारण १८,०००, आणि त्यात वर्षभराची अँटिबॉडी, सीरम, सिक्वेन्सिंग. आता एनसीआयने मंजूर रकमेला १० टक्के कात्री लावली, जी ती लावू शकते, तर तुम्ही ७,००० डॉलर उणे. म्हणून पिंजऱ्यांची संख्या अर्ज लिहितानाच ठरवा, आणि विद्यापीठाने लॅब उभारायला दिलेला स्टार्टअपचा पैसा पहिल्या दोन वर्षांत उधळू नका. विद्यापीठाचा वरखर्च, उदाहरणार्थ ५५ टक्के, याच्या वेगळा येतो आणि तुमच्या हाताला लागत नाही.

नाकारलेला अर्ज एकदाच पुन्हा पाठवता येतो, ३७ महिन्यांच्या आत, सोबत एक पान उत्तर. शेऱ्यांचं पत्र आल्यावर आठवडाभर बाजूला ठेवा, मग प्रोग्राम ऑफिसरला फोन करा. पत्रात सात आक्षेप दिसतात. खोलीत बसलेला माणूस सांगतो की चर्चा दोनांवरच अडकली. त्या दोनांना नवा डेटा द्या, उरलेल्या पाचांना एकेक वाक्य. सप्टेंबर २०२५ पासून एका संशोधकाला एका कॅलेंडर वर्षात सहाच अर्ज करता येतात, पुनःप्रयत्न धरून. अंदाधुंद बाण मारायची सोय गेली.

राहिला भारतातल्या सहकाऱ्यांचा प्रश्न. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या संस्थेचा कणा वेगळा आहे. तिथला मूळ खर्च टाटा स्मारक केंद्रामार्फत अणुऊर्जा विभाग देतो. पगार ग्रँटवर टांगलेला नसतो, आणि बाहेरून आणायचा पैसा प्रकल्पापुरता. अमेरिकेत ग्रँट संपली की माणसं जातात, तिथे रसायनांची ऑर्डर थांबते. तुमच्या आर०१मध्ये भारतातला भाग घालायचा असेल तर जुना सोपा रस्ता, म्हणजे अमेरिकी विद्यापीठाने खाली परदेशी उपकरार देणं, मे २०२५ मध्ये एनआयएचने थांबवला आणि वेगळी पद्धत आणायचं ठरवलं. लिहायच्या आधी एनआयएचची सगळ्यात ताजी सूचना वाचा. शिवाय रुग्णांचे नमुने किंवा परदेशी पैसा असलेल्या प्रकल्पाला भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि ती नीतिसमितीच्या मंजुरीहून वेगळी आहे. ही कागदपत्रं अर्जाच्या गुणाची वाट न बघता सुरू करायची, कारण गुण आल्यावर तिसरा हात ती मागतो आणि उत्तराला आठवडे देतो, महिने नाही.